भाऊ कुठे आहे हे कळेपर्यंत

युद्धातून जीव वाचवून आलेल्या माणसाला काय काय लागतं, याची यादी कुणीही करेल. डोक्यावर छप्पर, कागदपत्रं, औषधपाणी, मुलांना शाळा, हाताला काम. मी रेड क्रॉसच्या ज्या विभागात स्वयंसेवक म्हणून काम करते, तो या यादीत बहुतेकदा नसतोच. युद्धात ताटातूट झालेल्या नातेवाइकांचा शोध घेणं हे आमचं काम. आणि जसजशी या कामात मुरत गेले, तसतसं माझं मत पक्कं झालं, की ते यादीत अगदी वर यायला हवं. आपलं माणूस जिवंत आहे की नाही हेच ज्याला माहीत नाही, त्याचं मन नव्या घरात रमत नाही, कामात लागत नाही, नवी भाषा शिकण्यात तर नाहीच नाही.

एका केसबद्दल लिहिते. नाव, देश, गाव सांगणार नाही. गोपनीयतेवरच हे काम उभं आहे, म्हणून ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

त्या बाई दोन लहान मुलांना घेऊन आल्या होत्या. दुसऱ्या एका संस्थेच्या शिवणवर्गात त्यांचं नाव घातलं होतं, पण त्या तासन् तास मशीनसमोर नुसत्या बसून राहायच्या. शेवटी शिकवणाऱ्या बाईंनीच त्यांना आमच्याकडे धाडलं. गावावर हल्ला झाला त्या रात्री सगळे वाट फुटेल तिकडे पळाले. बाई मुलांना घेऊन एकीकडे, आई आणि धाकटा भाऊ दुसरीकडे. तेव्हापासून दोघांचा थांगपत्ता नव्हता.

पहिल्या भेटीत आम्ही फॉर्म लगेच पुढे करत नाही. आधी आम्ही काय करू शकतो आणि काय नाही, ते दुभाष्याच्या मदतीने नीट समजावून सांगतो. शोधाला एक पैसाही लागत नाही. शोध लागेलच अशी हमी नाही. लागला तरी बातमी चांगलीच असेल असं नाही. आणि माणूस सापडलं, पण त्याने ‘माझा पत्ता देऊ नका’ म्हटलं, तर आम्ही तो देत नाही. हे शेवटचं ऐकून बाई भडकल्याच. ‘माझ्या पाठचा भाऊ आहे तो. तो मला कशाला नाही म्हणेल?’ मी सांगितलं, तो नाही म्हणणार नाही असंच मलाही वाटतं, पण कुणी लपून राहत असतं, कुणाला आपल्यामुळे दुसऱ्यावर संकट येईल अशी भीती असते. कुणाला कुणी सापडावं हे एका बाजूने ठरवता येत नाही. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली.

इतकं सगळं फुकट का करता, माझ्याकडून काय हवंय, असंही त्यांनी विचारलं. फसवणूक सोसलेली माणसं हे विचारतातच, आणि त्यांना सरळ उत्तर मिळायला हवं. आपल्या माणसाचं काय झालं हे जाणून घेण्याचा कुटुंबाचा हक्क, युद्धाचे नियम घालून देणाऱ्या जिनिव्हा करारांच्या १९७७ सालच्या पहिल्या पूरक करारात, कलम ३२ मध्ये लिहिलेला आहे. मी त्यांना तेच सांगितलं. तुम्ही आमच्याकडे काही मागायला आलेल्या नाही, हे तुमचंच आहे.

मग फॉर्म. पूर्ण नाव, वडिलांचं, आजोबांचं नाव, घरात हाक मारायचं नाव, जन्मसाल, शेवटची भेट कुठे, कशी. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. ‘शाळेचं छप्पर वादळात उडालं त्या वर्षी तो पहिलीत होता,’ एवढं बाईंना पक्कं आठवत होतं. दुभाषी त्याच भागातला, त्याला ते वादळ माहीत होतं. साल लागलं.

त्यानंतर मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि गाव काढायला सांगितलं. हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पत्ते, घर क्रमांक युद्धानंतर कुचकामी ठरतात, कारण गावच शिल्लक राहत नाही. शोध लागतो तो माणसांमधून. आधी नुसत्या दोन रेघा आल्या, नदी आणि रस्ता. मग विहीर, शाळा, घर. मग बाई थांबल्या आणि रस्त्याच्या कडेला एक छोटा चौकोन काढून त्यावर बोट ठेवून राहिल्या. ते शिंप्याचं दुकान. भाऊ तिथे काम शिकत होता. शिंप्याचं नाव, त्याच्या मुलांची नावं, एका पायाने लंगडतो, हे सगळं मी टिपून घेतलं. मुख्याध्यापकांचं नावही घेतलं. मशीनसमोर त्या नुसत्या का बसून राहतात, ते मला तेव्हा कळलं.

एक प्रश्न फार जपून विचारावा लागतो. शोधासाठी तिथल्या सरकारी यंत्रणेकडे नाव दिलं तर चालेल का? त्या वयाच्या मुलांना दोन्ही बाजू जबरदस्तीने लढायला नेत होत्या. बाई ठामपणे नाही म्हणाल्या. फाइलवर तशी नोंद झाली. त्यामुळे वेळ जास्त जाणार होता, पण आपल्या चौकशीने शोधल्या जाणाऱ्याचाच जीव धोक्यात येणार असेल, तर ती चौकशी न केलेली बरी.

या कामाला मोठी परंपरा आहे. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला एक कचेरी उघडली होती, जखमी आणि कैद्यांच्या घरी खबर पोचवायला. १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धासाठी जिनिव्हात मोठी कचेरी सुरू झाली, तिथे हाताने लिहिलेली सुमारे ७० लाख कार्डं जमली. आज कार्डांच्या जागी संगणक आला आहे. शेवटचा टप्पा मात्र अजूनही पायीच असतो: कुठल्या तरी छावणीतला स्वयंसेवक हातात यादी घेऊन तंबूतंबूत जातो, नावं मोठ्याने वाचतो, म्हाताऱ्यांपाशी बसून विचारतो.

फाइल पुढे गेली आणि वाट पाहणं सुरू झालं. २०२४ च्या अखेरीस रेड क्रॉस आणि रेड क्रिसेंटच्या (काही देशांत रेड क्रॉसचं हेच नाव असतं) जाळ्यात नोंदलेल्या बेपत्ता माणसांचा आकडा २ लाख ८४ हजारांवर होता. म्हणजे तितक्या माणसांसाठी कुणाचा ना कुणाचा जीव टांगणीला लागलेला. आमच्याकडे दंडक आहे, की नवीन काही नसलं तरी ठरलेल्या वेळी फोन करायचा आणि ‘अजून काही कळलेलं नाही’ हे स्पष्ट शब्दांत सांगायचं. हा फोन करणं जड जातं. पण तो न येणं बाईंसाठी त्याहून जड असतं.

दरम्यान त्यांना बरं, मोठं घर मिळत होतं, आणि त्या जायला तयार नव्हत्या. घरं देणाऱ्या विभागाला हे आडमुठेपण वाटलं. खरं कारण असं, की गावाकडच्या एकदोन जणांना हाच पत्ता ठाऊक होता. भावाने शोधलं तर तो इथेच येईल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. घर, काम, शाळा सगळं देऊनही माणूस जागचा का हलत नाही, याचं उत्तर अनेकदा इतकं साधं असतं, आणि ते कुणी विचारत नाही.

रेड क्रॉसचं ‘ट्रेस द फेस’ नावाचं संकेतस्थळ आहे, २०१३ पासूनचं. त्यावर हरवलेल्याचा नाही, तर शोधणाऱ्याचा फोटो लागतो, नाव न देता. खाली फक्त ‘भावाच्या शोधात’ असं नातं लिहिलेलं असतं. बाईंनी विचार करायला वेळ घेतला आणि मग फोटो दिला.

शोध लागला तो मात्र शिंप्यामुळे. शेजारच्या देशातल्या एका छावणीत त्याने दुकान थाटलं होतं, आणि भाऊ कुठे आहे हे त्याला माहीत होतं. तिथल्या स्वयंसेवकांनी भावाला गाठलं, संमती विचारली, आणि त्याने रेड क्रॉस मेसेज लिहून दिला. हा कागद उघडा असतो, कर्मचारी तो वाचतात, आणि त्यात फक्त घरची खुशाली लिहायची असते. राजकारण किंवा लष्करी गोष्टी असतील तर तो पुढे जात नाही.

बाईंना बोलावलं त्या दुपारी मी दुसरी कुठलीच भेट ठेवली नव्हती. आत नेलं, बसवलं, आणि आधी एकच वाक्य सांगितलं, भाऊ जिवंत आहे. मग कागद दिला. त्यांनी तो वाचायच्या आधी अक्षरावरून बोट फिरवलं. ‘हा र तोच असा काढतो,’ दुभाष्याला म्हणाल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. कारण पुढे लिहिलं होतं, की आई त्याच्याबरोबर नाही, नदी ओलांडताना गर्दीत हात सुटला. इतके महिने बाईंनी स्वतःची समजूत घातली होती ती आई त्याच्याजवळ आहे म्हणून.

दोघांचं फोनवर बोलणं करून दिलं. बाई पुढे नव्या घरी राहायला गेल्या. पत्ता बदलल्याची नोंद मी त्यांच्यासमोरच फाइलमध्ये केली. शिवणवर्ग त्यांनी पुरा केला. भावाला इकडे आणता येईल का याची चौकशी चालू आहे, पण अनेक देशांचे कायदे कुटुंब म्हणजे जोडीदार आणि अल्पवयीन मुलं इतकंच धरतात, सज्ञान भाऊ त्यात बसत नाही. मला हे सरळ सरळ अन्यायाचं वाटतं. युद्धाने आईवडील हिरावल्यावर भाऊ-बहीण हेच कुटुंब उरतं. आईसाठी आता वेगळी फाइल उघडली आहे, आणि नदीचा घाट हा त्यातला पहिला धागा आहे.

तुमच्या ओळखीत कुणी असं आपलं माणूस शोधत असेल, तर तो ज्या देशात असेल तिथल्या रेड क्रॉस किंवा रेड क्रिसेंटकडे त्याला जायला सांगा. कागदपत्रं नसली तरी अडत नाही. हाक मारायचं नाव, शेवटची भेट, आणि त्या माणसाला ओळखणारे शेजारी, मास्तर, दुकानदार कोण होते, एवढं आठवून गेलं तरी फाइल उघडता येते.