सहलीची यादी माझ्याकडे आली तेव्हा

आमच्या घरी सहल ठरली की पहिली वादावादी यादीवरून व्हायची. आई यादी वाढवायची, बाबा ती कापायचे. आईचं ठरलेलं वाक्य होतं, "असू दे, लागलं तर?" बाबांचंही ठरलेलं, "डिकी काय रबराची आहे?" यात आईच जिंकायची आणि भोगायचो आम्ही भावंडं. मागच्या सीटवर पायाखाली तांदळाची पिशवी, मांडीवर पातेलं, मध्ये गुंडाळलेली अंथरुणं आणि खिडकीला टेकून उभा केलेला तंबू. बाहेरचं काही दिसायचंच नाही. धाकट्या भावाला दर प्रवासात उलट्या व्हायच्या आणि सगळे त्याच्या पोटाला नावं ठेवायचे.

खरं कारण पोट नव्हतंच, हे मला फार उशिरा कळलं. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगत असतं की आपण हलतोय, आणि डोळ्यांसमोर मात्र हातभर अंतरावर स्थिर पातेलं असतं. या दोन निरोपांचा मेळ बसला नाही की मळमळ सुरू होते. २ ते १२ वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो. बाहेर दूरवर, क्षितिजाकडे बघायला मिळालं तर बराच कमी होतो. म्हणजे भावाच्या उलट्यांचं मूळ आईच्या किराणामालाच्या यादीत होतं! हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आता तूच कर यादी." मला वाटतं ती या संधीची वाटच बघत होती.

यादी करायला बसले आणि लक्षात आलं की घरचं वाणसामान भरायची सवय इथे उपयोगाची नाही. घरी आपण डबे बघून यादी करतो. तांदूळ तळाला गेला, लिहा. साखर संपत आली, लिहा. काही राहिलं तर कुणाला तरी दुकानात पिटाळता येतं. तंबू ठोकल्यावर पिटाळणार कुठे? आईचं "असू दे" हे हावरेपणातून आलेलं नव्हतं, या धास्तीतून आलेलं होतं. पण धास्तीला उत्तर म्हणून सामान वाढवत गेलं की हवी ती वस्तू वेळेवर सापडत नाही. अंधारात टॉर्च तोंडात धरून मीठ शोधणारे बाबा मी पाहिलेत, आणि मिठाचे पुडे चांगले दोन होते.

म्हणून मी डबे सोडले आणि जेवणं मोजायला लागले. कागदावर उभे रकाने, दर रकान्यात एक जेवण, त्याखाली त्या जेवणाला लागणारं सगळं, तेलाच्या चमच्यापर्यंत. मोठ्या माणसाला एका वेळेला साधारण ७५ ते १०० ग्रॅम कोरडा तांदूळ पुरतो. हे एकदा कळलं की पाच किलोची पिशवी उचलायची हिंमतच होत नाही. नासणारं पहिल्या दिवशी, टिकणारं शेवटी, असा क्रम लावला. मांस आणि पालेभाजी पहिल्या रात्री, अंडी दुसऱ्या सकाळी, बटाटे, कांदे आणि डाळ शेवटपर्यंत. शिवाय न शिजवता खाता येईल असं एक जेवण राखीव, कारण पाऊस कुणाला विचारून येत नाही.

पाण्याचा हिशेब मात्र आईच्याच बाजूने लागला. पिणं आणि स्वयंपाक धरून माणशी दिवसाला ४ लिटर मी धरते. चार माणसं, दोन दिवस, म्हणजे ३२ लिटर, म्हणजेच ३२ किलो. एवढं ओझं गाडीत कुठे ठेवायचं हा प्रश्न बाकीच्या सगळ्या सामानापेक्षा मोठा आहे. मुक्कामी पाणी मिळतं का याची चौकशी मी आता सगळ्यात आधी करते. ओढ्याचं पाणी वापरावं लागलंच तर चांगली उकळी फुटल्यावर १ मिनिट, आणि २,००० मीटरच्या वर असलो तर ३ मिनिटं उकळत ठेवायचं.

बाबा यावर हसायचे. "आधी रस्ता बघा, मग रेशन बघा." मला अशा वेळी बर्था बेंझ आठवते. मोटारगाडीतून केलेला पहिला लांबचा प्रवास तिच्या नावावर आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता, त्यानेच बनवलेली गाडी घेऊन दोन मुलांसह निघाली, जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे चक्क माहेरी. अंतर शंभरेक किलोमीटर. पेट्रोल पंप ही चीजच तेव्हा नव्हती. विस्लोख गावात तिने औषधांच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं, जे लोक डाग काढायला वापरत, आणि ते इंधन म्हणून गाडीत ओतलं. इंजिन गार ठेवायला वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागत होतं. म्हणजे कुटुंबाच्या मोटार-सहलीचा इतिहासच मुळी आईने वाटेत केलेल्या खरेदीपासून सुरू होतो. बाबांना ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "तिची यादी केवढी होती?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सगळ्यात जास्त डोकं मी लावलं ते बर्फाच्या पेटीला. आमच्याकडे पेटी आदल्या रात्रीपर्यंत माळ्यावर तापत पडलेली असायची. सकाळी खाली यायची, त्यात बर्फाचा चुरा, वर घरात ठेवलेल्या कोमट बाटल्या, आणि संध्याकाळी सगळं तरंगत असायचं. हिशेब केला तर यात नवल काही नाही. १ किलो बर्फ नुसता वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते, आणि हीच त्याची ताकद आहे. वितळून झालेलं तेच १ किलो पाणी ० अंशापासून १० अंशांपर्यंत तापताना फक्त ४२ किलोज्यूल घेतं. आता ३० अंशांवरची १ लिटरची बाटली ५ अंशांवर आणायची तर साधारण १०५ किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे एकेक कोमट बाटली तीनशेच्या वर ग्रॅम बर्फ गिळते. अशा सहा बाटल्या ठेवल्या की दोन किलो बर्फ गाव सोडण्याआधीच संपला.

तेव्हापासून आमच्या पेटीत कोमट वस्तूला प्रवेश नाही. पेटी आदल्या रात्री घरात आणून, थोडा बर्फ घालून गार करून ठेवते. सामान फ्रीजमधून थेट पेटीत. चुऱ्याऐवजी मोठ्या लाद्या, कारण लादीला बाहेरची हवा कमी लागते आणि ती सावकाश वितळते. त्याहून सोयीचं म्हणजे पाण्याच्या बाटल्याच गोठवणं: वितळल्या की प्यायचं पाणी तयार आणि पेटीत चिखल नाही. बाटली मात्र काठोकाठ भरायची नाही. पाणी गोठताना जवळजवळ ९ टक्क्यांनी फुगतं, त्यामुळे वर चांगली जागा सोडायला हवी. कच्चं मांस घट्ट झाकणाच्या डब्यात आणि सगळ्यात खाली, म्हणजे त्याचा रस दुसऱ्या कशावर गळणार नाही. ५ अंश ते ६० अंश या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून पेटीत एक साधा थर्मामीटर टाकून ठेवते. जागतिक आरोग्य संघटना शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका म्हणते. उन्हात मी एवढाही वेळ देत नाही.

आणि सरबतं, थंड पेयं यांची पेटी वेगळी. मुलं दर दहा मिनिटांनी झाकण उघडतात. त्यांना ओरडून काही होत नाही, पेटी वेगळी केली की होतं.

शेगडीचं प्रकरण एका थंडीतल्या मुक्कामी शिकायला मिळालं. सकाळी चहा ठेवला तर ज्योत मेणबत्तीएवढी. गॅस संपला म्हणून नवरा नळकांडं हलवून बघतोय, तर आत गॅस डुचमळतोय. झालं होतं असं की नळकांड्यात द्रवरूपात भरलेला गॅस, म्हणजे साधं ब्युटेन, उणे ०.५ अंशाच्या खाली वाफ व्हायला तयारच नसतं, आणि गॅस बाहेर पडत असताना नळकांडं स्वतःही गार होत जातं. प्रोपेन हा दुसरा गॅस उणे ४२ अंशांपर्यंत वाफ होतो, म्हणून थंडीत प्रोपेन मिसळलेली नळकांडी घ्यायची. त्या सकाळी आम्ही नळकांडं अंगावरच्या पांघरुणात थोडा वेळ ठेवलं आणि काम भागलं. थंडी वाजते म्हणून शेगडी तंबूत घ्यायचा मोह मात्र कुणीही करू नये. विझत आलेले निखारेसुद्धा आत नकोत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नाही, रंग नाही. झोपेत कळतही नाही.

उंचावर जायचं असेल तर यादीतली डाळसुद्धा बदलते. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो, आणि ३,००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. पाणी खळखळतंय आणि डाळ टणक ती टणकच. जास्त शिजवायचं तर गॅस जास्त. म्हणून अशा ठिकाणी लवकर शिजणारंच न्यायचं.

गाडी भरण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जड सामान खाली आणि सीटच्या पाठीला चिकटून, मुक्कामी आधी लागणारं सगळ्यात शेवटी आत, आणि खिडकीच्या खालच्या कडेच्या वर येईल असं काहीही नाही. भरून झाल्यावर हवा तपासायची, तीही टायर थंड असताना. खोकी घरीच फाडून टाकते, पुठ्ठा मुक्कामी नेऊन तोच कचरा परत आणायची हौस कुणाला आहे?

आई-बाबा अजून आमच्याबरोबर येतात. आईला मी एक पिशवी दिली आहे. त्या पिशवीत तिने काय भरायचं ते तिने ठरवावं, मी बघत नाही. तिच्यातून आतापर्यंत दोरी, सेफ्टी पिना, जास्तीची काडेपेटी आणि एकदा तर लाटणं निघालं. लाटणं कशाला, असं विचारल्यावर तिने त्यानेच तंबूची खुंटी ठोकून दाखवली.

या सगळ्याचा परिणाम घरच्या खरेदीवर होईल असं वाटलं नव्हतं, पण झाला. सहलीहून आल्यावर न वापरता परत आलेल्या वस्तूंपुढे मी फुली मारते. ते बघून एकदा फ्रीजमधून टाकून दिलेल्या वस्तूंपुढेही फुली मारायला लागले आणि आठवड्याचा कागद लालेलाल झाला. दुकानात आता मी ट्रॉली घेत नाही, हातातली टोपली घेते. ट्रॉलीचा जन्मच मुळी यातून झालाय. १९३७ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीच्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराच्या लक्षात आलं की टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं, म्हणून त्याने टोपल्यांना चाकं लावली. त्याला जे नको होतं तेच मला हवंय. हात दुखला की बस.

जेवणं मोजून आणायचा नियम मात्र घरी पूर्ण चालला नाही. पाहुणे सांगून येत नाहीत, मुलांचे मित्र तर नाहीच नाही. त्यामुळे घरात दोन कायदे आहेत. भाज्या, दूध, अंडी आणि मांस जेवणं मोजून. तांदूळ, डाळी, तेल, मीठ आईसारखे डबे बघून. नवऱ्याला हे अजून पटलेलं नाही. तो दुकानातून फोन करून विचारतो, "बटाटे कुठल्या कायद्यात?" बटाट्यांचं आमचं अजून ठरलेलं नाही, त्यामुळे तो दरवेळी दोन किलो घेऊन येतो.