मागचा दिवा

“मामा, मागच्याचा दिवा दिसेपर्यंत वळण सोडायचं नाही.”

क्यूबेकहून आलेला भाचा हे सहज बोलून गेला. तिकडे केगास्काला हायवे संपतो. पुढच्या किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांना जोडणारा रस्ताच नाही. हिवाळ्यात बर्फावरून स्नोमोबाइलची वाट, ‘रूट ब्लांश’. हा चौघांसोबत गेलेला. पुढच्या गाडीमागे बर्फाचा असा धुरळा उडतो की अंतर ठेवावंच लागतं, मग मागचा दिसेनासा होतो. म्हणून प्रत्येक वळणावर थांबायचं, मान वळवून बघायचं. अंगठा थ्रॉटलवर आखडलेला असला तरी. मागचा दिवा दिसला की मगच निघायचं.

संध्याकाळी तलावपाळीला आईसोबत फेरी मारत होतो. गडकरी रंगायतनपाशी पोहोचल्यावर लक्षात आलं, शेजारी आई नाही.

ती बरीच मागे, कठड्याला हात टेकून उभी होती. कधीपासून, कोण जाणे.