पायथन ४३०० अंकांवर का अडतो

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत २**१४२८४ (म्हणजे २ चा १४२८४ वा घात) छापून बघा, आकडा निमूट पडद्यावर येतो. घातांक एकाने वाढवा, की लगेच व्हॅल्यूएरर, म्हणजे चुकीच्या किमतीची तक्रार. पहिल्यात नेमके ४३०० अंक आहेत, दुसऱ्यात ४३०१. ही ४३०० अंकांची मर्यादा पायथनच्या ३.११ आवृत्तीसोबत (ऑक्टोबर २०२२) आली म्हणतात, पण जुन्या आवृत्तीला चिकटून सुटका नाही: सुरक्षेची दुरुस्ती म्हणून ती दीडेक महिना आधीच ३.७ ते ३.१० मध्येही घातली होती.

पूर्णांक मात्र पूर्वीइतकाच मोठा होऊ शकतो. बेरीज, गुणाकार, घात, कशालाच बंधन नाही. अडतं ते दशमान मजकूर आणि पूर्णांक यांच्यातलं रूपांतर. आत संख्या बायनरीत असते, आणि दशमानात नेण्याची नेहमीची पद्धत अंक दुप्पट झाले की चौपट वेळ खाते. कुणी जेसनमधून (प्रोग्रॅम एकमेकांना माहिती पाठवतात तो मजकुराचा साचा) लाखो अंकांचा आकडा पाठवला, तर सर्व्हर तेवढ्यावरच गुंतून पडतो. २, ४, ८, १६, ३२ या पायांना (दशमानाचा पाया १०, तसे हे) मर्यादा नाही, कारण तिथे बिटांचे गट पाडले की काम झालं.

खरा त्रास अनपेक्षित जागी होतो. हिशोब बरोबर होतो आणि प्रोग्रॅम पडतो लॉगच्या (नोंद लिहिण्याच्या) ओळीवर, कारण एफ-स्ट्रिंग, म्हणजे किमती आत भरून घेणारा मजकूर, तिथे आकड्याचा मजकूर करायला जाते. दुसरं, जेसन वाचताना फक्त जेसनडिकोडएरर (जेसन नीट वाचता न आल्याचा एरर) पकडत असाल तर हा एरर निसटतो. तो साधा व्हॅल्यूएरर आहे.

मर्यादा बदलायची तर सिस मॉड्यूलमधलं सेट_इंट_मॅक्स_स्ट्र_डिजिट्स वापरा. ० दिलं की मर्यादाच उठते. नाहीतर किमान ६४० द्यावे लागतात. ही सेटिंग पूर्ण इंटरप्रीटरला (पायथनचा कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) लागू होते, म्हणून लायब्ररीने तिला हात लावू नये, असं माझं ठाम मत. मोठे आकडे साठवायचेच असतील तर हेक्समध्ये (१६ पायाच्या अंकांत) लिहा आणि पाया १६ देऊन वाचा. वेगही मिळतो.

एक गंमत: ५००० अंकांचा आकडा थेट सोर्समध्ये लिहिला, तर त्याच फाईलच्या पहिल्या ओळीत मर्यादा उठवूनही सिंटॅक्सएररच येतो, कारण ती ओळ चालण्याआधी अख्खी फाईल कंपाइल होते. तिथे पायथन सुरू करतानाच -एक्स पर्याय किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल द्यायचं. नाहीतर तो आकडाही हेक्समध्ये लिहायचा.