साडेनऊ ते अकरा: घरातली आमची बालवाडी

लेक अडीच वर्षांची झाली तेव्हा जूनमध्ये तिला इथे नाशिकला घराजवळच्या एका प्लेग्रुपमध्ये घातलं. महिनाभर ती रोज दारात माझी ओढणी घट्ट धरून रडायची. सगळे म्हणत होते, रडतात पोरं, होईल सवय. मलाही तसंच वाटत होतं. पण एकदा तिला आणायला जरा लवकर गेले, तर ताई तिचा हात आपल्या हातात धरून आंबा रंगवून घेत होत्या. रेघेबाहेर जाऊ नये म्हणून. आंबा सुरेख झाला होता आणि लेक खिडकीबाहेर बघत होती. त्या रात्री नवरा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतून सेकंड शिफ्ट करून आला, तेव्हा उशिरापर्यंत बोलत बसलो. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, मग हे वर्ष घरी काढलं तर बिघडतंय काय? ठरलं.

सुरुवात मी अगदी चुकीची केली. मेन रोडवरून कार्डशीट, क्रेयॉन, चमकी, डिंक असं सामान आणलं, फ्रिजवर वेळापत्रक लावलं. सोमवारी मोर. मी रात्री जागून निळे-हिरवे तुकडे कापले, तिने ते फक्त चिकटवायचे होते. चार मिनिटांत ती उठली. डिंकाच्या बाटलीचं झाकण तिला सापडलं होतं. लावायचं, काढायचं, परत लावायचं. मी बाटली काढून घेतली, ‘आधी मोर पूर्ण कर’ म्हणाले, आणि तिने भोकाड पसरलं. आठवडाभर रोज हेच. रोज अकरा वाजता मी दमलेली आणि ती रडवेली.

श्रावणात सासूबाई निफाडहून आल्या, येताना शेतातली मक्याची कणसं घेऊन. उंबऱ्याशी बसून सोलायला लागल्या आणि एक कणीस नातीपुढे ठेवलं. कसं सोलायचं ते सांगितलं नाही. लेकीने आधी ते नुसतं गालाला लावलं. मग वरचं एक हिरवं साल धरून ओढलं, ते चर्रकन फाटलं तशी दचकली आणि हसली. पुढचं साल ओढायला तिला दोन्ही पाय कणसावर रोवावे लागले. आत केस दिसले तेव्हा तिचं तोंड उघडंच राहिलं. एकेक केस चिमटीत धरून ती फरशीवर ओळीने मांडत गेली. मी सांगायला तोंड उघडलं तर सासूबाई हळूच म्हणाल्या, “अगं, तू बोलू नकोस मध्ये. तिचं काम चाललंय.” घड्याळात पाहिलं, पस्तीस मिनिटं झाली होती.

डी.एड.ला असताना गावातल्या मुलांसाठी बालवाड्या उभ्या करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांवर मी चांगली चार पानं लिहिली होती. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेलं आणि पुढे कोसबाडला गेलेलं काम, महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं, माती. सगळं पाठ होतं. माझ्या उंबऱ्यावर ते घडताना बघेपर्यंत मला त्यातलं काही कळलेलं नव्हतं.

वेळापत्रक काढून टाकलं. साडेनऊ ते अकरा ही वेळ मात्र ठेवली. रोज एकच गोष्ट, एका परातीत. परातीबाहेर सांडलं तर आपणच भरायचं, एवढा एकच नियम. पहिले कितीतरी दिवस नुसतं पाणी चाललं: दोन वाट्या, गाळणी आणि स्पंज. स्पंज या वाटीत बुडवायचा, त्या वाटीत पिळायचा. पिळताना बोटांना जो जोर लागतो तोच पुढे पेन्सिल धरायला लागतो, त्यामुळे ‘नुसतं पाण्यात खेळते’ म्हणणाऱ्यांकडे मी लक्ष देणं सोडलं. ऑक्टोबरच्या उन्हात जुना पेंटब्रश आणि बादलीभर पाणी दिलं की ती अख्खं अंगण रंगवायची. एक टोक होईपर्यंत दुसरं वाळलेलं, की पुन्हा पहिल्यापासून.

खेळायची कणीक घरीच होते. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि बेताबेताने साधारण वाटीभर पाणी. घट्ट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली की बरेच दिवस टिकते. मीठ फार असतं, म्हणून मूल ती खात नाही ना यावर डोळा हवाच. भांडी बाजारातून एक छोटं पोळपाट-लाटणं आणलं, आणि या सगळ्या वर्षातली माझी सगळ्यात चांगली खरेदी तीच.

हळदीचा शोध तिचा. हळदीच्या पाण्याने कागद रंगवताना फ्रॉकवर मोठा डाग पडला. मी धुवायला साबण लावला आणि डाग लालभडक झाला. ती ओरडलीच, “कुंकू!” मग दुसऱ्या दिवशी मुद्दाम हळदीने रंगवलेल्या कागदावर साबणाच्या पाण्याचं बोट फिरवायला दिलं. बोट जाईल तिथे लाल रेघ उमटत होती. राहिलेला पिवळा डाग उन्हात टाकल्यावर फिका होत गेला, तेही रोज जाऊन बघायची. भेंडीचे, कांद्याचे ठसे सगळेच करतात, आम्हीही केले. द्राक्षं सुरू झाल्यावर मात्र घडाचा उरलेला सांगाडा रंगात बुडवून कागदावर टेकवला. एका ठशात झाडच्या झाड उमटलं! (या वयात द्राक्ष अख्खं देऊ नका, उभे चार तुकडे करूनच द्या. घशात अडकतं.)

हे कंसात लिहिलं, पण माझ्या हातून झालेली चूक कंसात मावणारी नाही. एकदा परातीत हरभरे दिले आणि दूध उतू जातंय म्हणून आत गेले. दोन मिनिटं. संध्याकाळी ती नाक चोळतेय हे लक्षात आलं. ओलाव्याने दाणा फुगतो, घरी चिमट्याने काढायला गेलं तर आणखी आत जातो, म्हणून तडक कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे धावलो. निघाला. त्या रात्री मी झोपले नाही. तेव्हापासून हरभरे, राजमा, चिंचोके, मणी सगळं वरच्या फळीवर. दुधावर पाणी सोडावं लागलं तरी चालेल, परात समोर असताना मी उठत नाही.

चित्रांचं म्हणाल, तर मी कधीच काही काढून दाखवलं नाही. आधी नुसत्या आडव्या रेघा, मग गोल गोल गिरगटा. तीन वर्षांची व्हायला आठवडा असताना तिने पाटीवर खडू फिरवला आणि जिथून सुरू केलं होतं तिथे आणून थांबवला. गोल बंद झाला. तिने एकदा पाटीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही, सासूबाईही बोलल्या नाहीत. मग तिने खडू उचलून त्याच्या शेजारी दुसरा गोल काढायला घेतला.

आता थंडीत शेंगा भरपूर आल्यात. काल गंगेवरच्या (नाशिकला गोदावरीला गंगाच म्हणतात) बुधवारच्या बाजारातून अर्धा किलो वाल आणलेत. सोलायच्या शेंगा तिच्या, दाण्यांची वाटी माझ्याजवळ.