डबीसकट डॉलर : आमची वाटचाल

आमचे दुकान सॅक्रामेंटोत असले तरी त्याची मुळे कोल्हापूरच्या गुजरीत आहेत. आजोबा आणि वडील दोघेही चांदीचा व्यवहार करीत, आणि त्या पेढीवर मी जे शिकलो ते एवढेच, की नाणे कितीही देखणे असले तरी ते आधी काट्यावर ठेवायचे, टंच पाहायचा आणि मोडीचा भाव सांगून मोकळे व्हायचे. 1999 साली पत्नीने व मी नोकऱ्या सांभाळून जुन्या अमेरिकन नाण्यांची खरेदी-विक्री सुरू केली, तेव्हाही नजर तीच होती. मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचे जुने चांदीचे एक डॉलरचे नाणे, 26.73 ग्रॅमचे, सव्वादोन तोळ्यांहून किंचित जास्त, त्यात 90 टक्के चांदी आणि बाकी तांबे. उरलेले सगळे वेष्टण, असा आमचा हिशेब होता. या हिशेबाची जबर किंमत आम्हाला मोजावी लागली, आणि आजचा आमचा व्यवसाय त्याच चुकीतून उभा राहिला आहे.

ज्याला आम्ही वेष्टण समजत होतो ती अमेरिकन सरकारची डबी होती. नेवाडातील कॉमस्टॉक खाणींच्या चांदीसाठी कार्सन सिटीत 1870 मध्ये टांकसाळ सुरू झाली आणि 1893 मध्ये तिथले नाणेपाडणे थांबले. तिच्या नाण्यांच्या मागच्या बाजूला ‘सीसी’ ही दोन अक्षरे असतात. 1878च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने सरकारला दरमहा 20 ते 40 लाख डॉलरची चांदी विकत घेऊन तिची नाणी पाडणे भाग पडले, पण एवढी जड नाणी खिशात बाळगण्याची लोकांना हौस नव्हती. त्यामुळे हजार-हजार नाण्यांच्या कॅनव्हासच्या पिशव्या तळघरांत वर्षानुवर्षे पडून राहिल्या. मार्च 1964 मध्ये चांदीच्या हमीवर काढलेल्या कागदी नोटांच्या (सिल्व्हर सर्टिफिकेट) बदल्यात चांदीचे डॉलर नेण्यासाठी लोकांची झुंबड उडाली, कोषागाराने वाटप थांबवले, आणि मोजणी झाली तेव्हा सुमारे 29 लाख नाणी शिल्लक होती. त्यांतली 28 लाखांहून अधिक कार्सन सिटीची होती. ती विकण्याचे काम सरकारी मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशनकडे, म्हणजे या धंद्यातल्या लोकांच्या बोलीत ‘जीएसए’कडे, सोपवण्यात आले. 1972 ते 1980 या काळात सात टप्प्यांत टपालाने विक्री झाली. पहिल्या टप्प्यात किमान बोली 30 डॉलर होती. प्रत्येक न वापरलेले नाणे कडक पारदर्शक प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत, ती डबी काळ्या खोक्यात, आणि सोबत क्रमांक असलेले प्रमाणपत्र.

आता चुकीकडे येतो. व्यवसायाच्या तिसऱ्या वर्षी एका प्रदर्शनात आम्ही 1891 सालचा असा एक डबीबंद डॉलर घेतला. त्या काळात ग्राहक ग्रेडिंग संस्थेच्या, म्हणजे नाणे तपासून त्याच्या दर्जाची श्रेणी ठरवणाऱ्या संस्थेच्या, चौकोनी, लेबल लावलेल्या आवरणातली नाणी मागत, आणि सरकारी डबीसकटही श्रेणी मिळते ही गोष्ट आमच्या गावीही नव्हती. मी शेगड्यात डबी धरली, शिवणीवर पटाशी लावली आणि ती उघडली. नाणे छान निघाले, श्रेणीही अपेक्षेप्रमाणे मिळाली, नफाही झाला. काही महिन्यांनी त्याच सालचे, त्याच श्रेणीचे, पण डबीत शाबूत असलेले नाणे आमच्यापेक्षा कितीतरी चढ्या किमतीला विकले गेलेले पाहिले, तेव्हा माझ्या हाताने काय झाले ते कळले. 1891 मध्ये कार्सन सिटीने 16 लाख 18 हजार डॉलर पाडले होते, परंतु सरकारी विक्रीत त्यांतले फक्त 5,687 होते. माझ्या पटाशीने त्या संख्येतून एक कमी केला, आणि तो पुन्हा डबीत घालण्याची कोणतीही सोय नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण अनेक विक्रेते ती सांगत नाहीत. सगळ्याच डब्या मौल्यवान नसतात. 1884 सालची 9 लाख 62 हजार नाणी या विक्रीत होती, जी मुळात पाडलेल्या 11 लाख 36 हजारांच्या पाचांतील चार भागांहून जास्त भरतात. 1882 आणि 1883 यांचीही नाणी या विक्रीत लाखांनी होती. त्यांच्या बाबतीत डबी असणे चांगले, पण तिच्यासाठी खिसा रिकामा करू नये, हे आम्ही ग्राहकाला आधीच सांगतो. 1879, 1890 आणि 1891 यांची गोष्ट वेगळी आहे. 1889, 1892 आणि 1893 यांचे तर त्या साठ्यात प्रत्येकी एकेकच नाणे निघाले.

म्हणून 2005 नंतर आम्ही इतर सगळा व्यवहार हळूहळू आवरता घेतला आणि डबी न उघडता श्रेणी मिळालेले डॉलरच ठेवू लागलो. एनजीसी ही संस्था डबीतूनच नाणे तपासते, 70 पैकी श्रेणी देते आणि डबीभोवती एक पट्टी गुंडाळते. पट्टी कापली की ती श्रेणी संपली. आमचे खरे काम पट्टी पडण्याआधीचे असते. डबीची शिवण कुठे उचकटलेली आहे का, हे आम्ही तिरप्या उजेडात पाहतो. प्रमाणपत्राच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे नाण्याच्या सालाशी जुळले पाहिजेत, म्हणजे 1882च्या नाण्याला 82. वारसांनी घरातले सहा खोके एकत्र उघडून पाहिले की प्रमाणपत्रांची हमखास अदलाबदल झालेली असते, आणि ती जागच्या जागी लावण्यात आमची अख्खी दुपार जाते. डबीवरचे बारीक चरे नाण्यावरचे समजून घाबरणारे ग्राहक पुष्कळ, तर नाण्याच्या गालावरचे, पिशवीत एकमेकांवर आदळून पडलेले घाव डबीवरचे समजून बिनधास्त राहणारेही कमी नाहीत.

सरकारने काळवंडलेली किंवा फार मार खाल्लेली नाणी बाजूला काढली होती, आणि त्यांच्या डब्यांवर ‘अन्सर्क्युलेटेड’ हा शब्द छापला नव्हता. वडिलांनी अशी चांदी चिंच लावून लख्ख केली असती. पण पिशवीच्या कापडाला लागून वर्षानुवर्षे चढलेला निळसर, तांबूस, सोनेरी रंग ज्याच्यावर एकसारखा पसरला आहे, त्या नाण्यासाठी आज आमच्याकडे माणसे थांबून असतात. सरकारी कारकुनाने ज्याला दोष मानले त्याची आम्ही किंमत लावतो, याची मला अजूनही थोडी गंमत वाटते.

आमच्या मराठी ग्राहकांविषयीही लिहायला हवे. दिवाळीच्या सुमारास फ्रीमाँट आणि सॅन होजेहून काही कुटुंबे लक्ष्मीपूजनासाठी चांदीचे नाणे नेतात. पहिल्या वर्षी एका काकूंनी डबी उघडून द्या, हळद-कुंकू नाण्यालाच लागले पाहिजे, असा आग्रह धरला. पत्नीने त्यांना सुटा 1921चा डॉलर दिला आणि डबीबंद नाणे पाटावर खोक्यासकट ठेवायला सांगितले. तेव्हापासून पूजेसाठी सुटी नाणी वेगळी ठेवण्याची पद्धत पडली.

त्या कुटुंबांना मी आणखी एक गोष्ट सांगतो. अमेरिकेच्या 1918च्या पिटमन कायद्याखाली 27 कोटी 2 लाख डॉलर वितळवण्यात आले, आणि त्यांतले सुमारे 25 कोटी 91 लाख भारतासाठी चांदी पुरवण्याकरिता ब्रिटनला विकले गेले. पहिल्या महायुद्धामुळे भारतात रुपयाच्या चांदीची इतकी टंचाई होती, की 1917 च्या अखेरीस एक रुपयाची आणि 1918 मध्ये अडीच रुपयांची नोट काढावी लागली होती. त्या चांदीचे राजाछाप रुपये झाले. आजोबांनी गुजरीत दगडावर वाजवून पाहिलेल्या बंद्या रुपयांपैकी काही एके काळी डॉलर असतील, ही शक्यता मला दुकानात एकटा असताना अनेकदा आठवते. वितळलेल्यांत कोणत्या सालाची किती नाणी होती याची नोंद ठेवली गेली नाही, आणि म्हणूनच मुळात किती नाणी पाडली या संख्येवरून दुर्मीळपणा ठरवता येत नाही.

आज दुकानात आम्ही दोघे आणि एक मदतनीस आहोत. 1891च्या त्या डबीचे दोन तुकडे गल्ल्याच्या खणात आहेत. डबी उघडून द्या म्हणणाऱ्याला आम्ही ते दाखवतो. 1879चा डबीबंद डॉलर इतक्या वर्षांत आमच्या हातून तीनदाच गेला आहे. चौथा सध्या ग्रेडिंगला पाठवला आहे, आणि डबीच्या वरच्या कोपऱ्यावर चरा आहे म्हणून ग्राहक भाव पाडणार, हे धरूनच आम्ही त्याची किंमत ठरवली आहे.