पिनांनी लावलेला आकडा

१८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

लेनर्ड पेल्टियर आज सुटले. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठी लढणारे, एफबीआयच्या दोन एजंटांच्या खुनासाठी जन्मठेप भोगणारे. मीटिंग चालू असताना टेबलाखाली धरलेल्या फोनवर बातमी वाचली आणि पुढचा अर्धा तास कोण काय बोललं ते काही ऐकलंच नाही. फ्लोरिडातल्या कोलमनच्या तुरुंगातून निघून ते नॉर्थ डकोटात, टर्टल माउंटनला, आपल्या माणसांत जाणार. वय ८०. पकडले गेले १९७६च्या फेब्रुवारीत, कॅनडात. म्हणजे ४९ वर्षं झाली.

हा आकडा मला हिशोब न करताच येतो, कारण तो वाढत जाताना मी कापडावर पाहिलाय.

बॉस्टनला आल्यावर पहिल्याच थँक्सगिव्हिंगच्या सणाला ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, टर्की राहू दे, प्लिमथला चल. तिथे कोल्स हिलवर, तिथल्या मूळ रहिवाशांचा जुना प्रमुख मॅसासॉइट याच्या पुतळ्यापाशी, मूळ रहिवासी १९७०पासून या दिवशी शोकदिन पाळतात. खाली पाण्याजवळ तो प्रसिद्ध प्लिमथ रॉक, जिथे इंग्रज वसाहतवाले उतरले असं सांगतात तो दगड, आणि वर टेकडीवर, बरोबर बारा वाजता, ढोल. बोलायचं फक्त मूळ रहिवाशांनी. आमच्यासारख्यांनी ऐकायचं. मला ते फार आवडलं. आपल्याला काहीतरी म्हणायचं असतंच, आणि तिथे कुणाला ते नको असतं.

थंडी इतकी होती की पायाची बोटं आहेत की नाहीत ते कळेना. शेजारी दोन आज्या बॅनर धरून उभ्या होत्या. पेल्टियरना सोडा, एवढंच त्यावर रंगवलेलं, आणि कोपऱ्यात किती वर्षं झाली तो आकडा वेगळ्या तुकड्यावर लिहून चार सेफ्टी पिनांनी टाचलेला. मी बघतेय हे पाहून एक आजी हसल्या. "दर वर्षी नवा बॅनर कोण रंगवणार?" म्हणाल्या. वाऱ्याने तो तुकडा उचलला गेला तेव्हा दिसलं, खाली गेल्या वर्षीचा आकडा होता. त्याखाली त्याच्या आदल्या वर्षीचा. जुने काढलेच नव्हते. पिना वाकायला आल्या होत्या.

मग पेल्टियर यांचं तुरुंगातून आलेलं पत्र वाचलं गेलं. ते दर वर्षी यायचं. वाचणारीने कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला होता, तरी वाऱ्याने फडफडत होता, माइक मधूनच खरखरायचा, आणि प्रत्येक वेळी ती तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायची. "मी" म्हणणारा माणूस हजार मैलांवर कोठडीत आणि आवाज या बाईचा. लहान मुलंसुद्धा गप्प होती.

घरी येऊन खटल्याबद्दल जे मिळेल ते वाचत बसले. २६ जून १९७५, पाइन रिज, साउथ डकोटातली मूळ रहिवाशांची राखीव वसाहत. गोळीबारात एफबीआयचे दोन एजंट मेले, जॅक कोलर आणि रोनाल्ड विल्यम्स. त्याच दिवशी जो स्टंट्झ हा आदिवासी तरुणही मेला, त्याच्या मृत्यूसाठी कुणावरही खटला झाला नाही. दोन सहआरोपींना आयोवात स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर ज्युरीने सोडलं. पेल्टियर यांचा खटला वेगळा, १९७७ साली फार्गोत, आणि दोन जन्मठेपा. कॅनडातून त्यांना आणण्यासाठी ज्या बाईची शपथपत्रं वापरली तिने नंतर सगळं नाकारलं. गोळ्या नक्की कुणी झाडल्या ते सिद्ध करता येत नाही, हे सरकारी वकिलांनीच पुढे अपिलात मान्य केलं. नंतर त्या खटल्याशी संबंधित एका माजी सरकारी वकिलाने तर सुटकेसाठी राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिलं.

कोलर आणि विल्यम्स यांच्या घरच्यांचं काय, हा प्रश्न मला टेकडीवरही पडला होता. तिथे कुणाला विचारायची हिंमत झाली नाही. आजही उत्तर नाही. पण न सिद्ध झालेल्या गोष्टीसाठी एका माणसाने कोठडीत म्हातारं व्हावं, यात त्या दोघांना न्याय मिळाला असं मला तरी वाटत नाही.

आणि सुटले म्हणजे तरी काय? बायडन यांनी २० जानेवारीला, पद सोडायला काही मिनिटं उरली असताना, सही केली. पण ती माफी नाही. उरलेली शिक्षा घरात भोगायची. क्लिंटन यांच्या वेळीही अशीच आशा होती. तेव्हा एफबीआयचे एजंट व्हाइट हाउससमोर मोर्चा घेऊन गेले आणि सही झाली नाही. त्याला २४ वर्षं झाली. तेव्हा कोपऱ्यात कोणता आकडा टाचला असेल?

संध्याकाळी मैत्रिणीला फोन केला. बॅनर हल्ली तिच्याच गॅरेजमध्ये असतो. आकड्याचं काय करणार, विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आज्यांमधल्या एक गेल्या उन्हाळ्यात गेल्या, दुसरीला अजून फोन लागत नाहीये. पिना गंजून कापडाला चिकटल्यात, ओढल्या तर फाटेल.

शनिवारी ये म्हणाली, दोघी मिळून बघू.