चुन्याची डबी आणि मार्लबोरोचा अमोनिया

तंबाखू मळताना कुणाला नीट बघितलंय का कधी? डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, डबीतला चुना नखावर घेऊन त्यात टाकायचा, मग उजव्या अंगठ्याने रगड रगड रगडायचं, दोन थापा मारून धूळ उडवायची आणि बार भरायचा खालच्या ओठात. लोकलच्या लगेज डब्यात, रिक्षा स्टँडला, बिल्डिंगच्या गेटवर वॉचमनकाकांच्या खुर्चीत, मुंबईत हे रोज दिसतं. चुना कशाला लावता विचारलं तर उत्तर ठरलेलं, त्याशिवाय किक बसत नाही. आणि हे उत्तर केमिस्ट्रीच्या हिशोबाने अगदी बरोबर आहे. अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी मोठमोठ्या लॅब उभ्या करून, पीएचडी झालेली माणसं पगारावर ठेवून जे खोदून काढलं, त्यातला बराचसा भाग आपल्याकडे अंगठ्याखाली आधीपासून चालूच होता.

मी एका शाईच्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला आहे, दिवसातला निम्मा वेळ पीएच मीटरसमोर जातो (पीएच म्हणजे आम्ल-अल्कलीचा आकडा, 7 मधला, खाली आम्ल, वर अल्कली), त्यामुळे या विषयाचा नाद लागला त्यात नवल नाही. तर आधी मूळ गोष्ट सांगते. निकोटिन हा सौम्य बेस, म्हणजे अल्कलीच्या वळणाचा पदार्थ आहे. आजूबाजूला आम्ल असलं की त्याला एक प्रोटॉन चिकटतो आणि त्याच्यावर चार्ज येतो, आणि चार्ज असलेला रेणू तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून सहजासहजी आत शिरत नाही. अल्कली वाढला की तो प्रोटॉन सुटतो, मोकळं निकोटिन उरतं, त्याला फ्री बेस म्हणतात, आणि ते मात्र झटकन आरपार जातं. पीएच 8 च्या आसपास साधारण अर्धं अर्धं असतं, 6 वर आलात तर मोकळं निकोटिन जेमतेम टक्काभर. चुन्याची निवळी 12 च्या वर असते. म्हणजे अंगठ्याने चुना रगडणारा माणूस काय करतोय तर पीएच चढवतोय, बाकी काही नाही.

आमचे आजोबा गिरणीत होते, लालबागला. कापसाच्या धाग्याजवळ विडी पेटवायची सोय नाही म्हणून खात्यातली माणसं तंबाखूवर असायची असं ते सांगायचे, आणि चुना जास्त झाला तर ओठ आतून सोलवटून निघतो हेही. पीएच मीटर कुणी बघितलेलं नव्हतं पण प्रमाण बरोब्बर ठाऊक होतं.

आता सिगारेटकडे येऊ. सिगारेटचा तंबाखू, म्हणजे आपल्या आंध्र-कर्नाटकात पिकतो तो व्हर्जिनिया, भट्टीच्या गरम हवेत सुकवतात, त्यामुळे पानातली साखर टिकून राहते आणि जळताना धूर जरा आम्लाकडे झुकतो. सिगारचा धूर उलटा, अल्कलीकडे झुकणारा. म्हणून सिगार ओढणारा धूर तोंडातच घोळवतो, छातीत ओढला तर ठसका लागतो, आणि निकोटिन तोंडातूनच मिळतं म्हणून त्याला छातीत ओढायची गरजही पडत नाही. सिगारेटचा धूर घशाला मवाळ लागतो, तो थेट फुफ्फुसात जातो आणि तिथून काही सेकंदांत निकोटिन मेंदूत. म्हणजे मवाळपणा हाच सिगारेटचा सगळ्यात मोठा डाव आहे, हे पक्कं डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

मवाळ झाला पण मग जोर कुठून आणायचा? इथे अमोनिया येतो, चुन्यासारखाच अल्कली. फिलिप मॉरिस या अमेरिकन कंपनीने साठच्या दशकात आपल्या मार्लबोरो सिगारेटच्या तंबाखूत अमोनियाची संयुगं वापरायला सुरुवात केली. सिगारेटमध्ये नुसती चिरलेली पानं नसतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पानांचे देठ, शिरा, चुरा, धूळ, सगळं भिजवून लगदा करतात, त्याचे कागदासारखे तक्ते काढतात आणि ते चिरून परत मिश्रणात घालतात. हा तक्ता बनवताना डायअमोनियम फॉस्फेट हे अमोनियाचं संयुग घातलं की पानातलं पेक्टिन सुटतं आणि तेच डिंकासारखं काम करतं, वर अमोनियाची साखरेशी रिअ‍ॅक्शन होऊन चॉकलेटच्या वळणाची खमंग चव येते. कंपन्यांचं आजवरचं म्हणणं हेच, की अमोनिया चवीसाठी आणि तक्त्यासाठी. ते खोटं नाहीये. पूर्णही नाहीये.

कारण स्पर्धकांनी काय केलं बघा. आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीची विन्स्टन सिगारेट तेव्हा अमेरिकेत एक नंबर, आणि मार्लबोरो वर वर सरकत निघालेली. रेनॉल्ड्सच्या लॅबने मार्लबोरो आणून धुराचा पीएच मोजला, आणि 1973 च्या त्यांच्या अंतर्गत कागदात सरळ मांडणी आहे की धुराचा पीएच चढला तर मोकळं निकोटिन वाढतं, झटका वाढतो, आणि याचा विक्रीच्या आकड्यांशी संबंध दिसतोय. पीएच आणि खप एकाच कागदावर! आमच्याकडे शाईचा पीएच आणि खप असा आलेख कुणी काढला तर बॉस वेड्यात काढेल. पुढे रेनॉल्ड्सने कॅमलमध्ये अमोनिया घातलेला तक्ता आणला, आणि ब्राउन अँड विल्यमसन या आणखी एका सिगारेट कंपनीनेही मार्लबोरोची चिरफाड करून हाच निष्कर्ष काढला की गुपित अमोनियात आहे. तोपर्यंत विन्स्टन मागे पडली होती.

पण इथे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, कारण नेटवर हा किस्सा लोक फार सरळसोट करून टाकतात, अमोनिया घातला आणि सिगारेटचं ड्रग झालं वगैरे. फुफ्फुस म्हणजे तोंड नव्हे. तिथला पृष्ठभाग अवाढव्य, आणि आतला ओलावा स्वतःच 7.4 च्या आसपास पीएच धरून ठेवतो, त्यामुळे धूर थोडा आम्ल असो की अल्कली, आत ओढलेल्या निकोटिनचा बहुतेक भाग रक्तात जातोच. अमोनियामुळे रक्तातलं निकोटिन खरंच वाढतं का यावर नंतरच्या शास्त्रज्ञांचं एकमत नाही. घशाला बसणारा झटका बदलतो हे मात्र पटण्यासारखं आहे, आणि ओढणाऱ्याला मेंदूतलं कुठे कळतं, त्याला घसा कळतो. माझं मत विचाराल तर अमोनियाने नक्की किती फरक पडला हा प्रश्न दुय्यम आहे. कंपनी कशाच्या शोधात होती ते कागदावर आहे, मला तेवढं पुरे.

आणि कागद काय एक-दोन नाहीत. ब्राउन अँड विल्यमसनच्या वकिलाने, अ‍ॅडिसन येमनने, 1963 मध्येच लिहून ठेवलंय की निकोटिनचं व्यसन लागतं आणि आपण निकोटिन विकायच्या धंद्यात आहोत. फिलिप मॉरिसच्या विल्यम डनने 1972 मध्ये लिहिलं की पाकीट म्हणजे दिवसभराच्या निकोटिनचा साठा समजा आणि सिगारेट म्हणजे एक डोस देणारं साधन. तिथल्याच व्हिक्टर डीनोबलने ऐंशीच्या सुरुवातीला उंदरांवर प्रयोग केले, उंदीर दांडी दाबून दाबून स्वतःला निकोटिन टोचून घेत होते, आणि साखर जळून जे असिटाल्डिहाइड बनतं ते सोबत दिलं की आणखी दाबत होते. म्हणजे चवीला म्हणून घातलेली साखरसुद्धा कामाला लागलेली. त्याचा पेपर जर्नलने स्वीकारला होता, कंपनीने मागे घ्यायला लावला, आणि 1984 मध्ये लॅबच बंद. मग 14 एप्रिल 1994 ला सात कंपन्यांचे सीईओ अमेरिकन काँग्रेसच्या समितीसमोर शपथेवर ओळीने सांगतात की निकोटिनचं व्यसन लागतं असं आम्हाला वाटत नाही. त्याचा व्हिडिओ आहे, बघा जरूर, एकाचाही चेहरा हलत नाही. त्याच वर्षी ब्राउन अँड विल्यमसनचे चोरून बाहेर आलेले कागद कॅलिफोर्नियातल्या स्टँटन ग्लांट्झ या प्राध्यापकाच्या ऑफिसात खोक्यात येऊन पडले, आणि त्याच वर्षी एफडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाच्या, डेव्हिड केसलरने वाय-वन नावाच्या तंबाखूबद्दल जाहीर सांगितलं, नेहमीच्या जवळजवळ दुप्पट निकोटिन असलेली जात, मुद्दाम तयार करून ब्राझीलमध्ये पिकवलेली. अमेरिकेतल्या राज्यांनी कंपन्यांशी केलेल्या 1998 च्या समझोत्यांनंतर लाखो कागद सार्वजनिक झाले, आता घरबसल्या फुकट वाचता येतात. मी रात्री वाचत बसते तेव्हा आई म्हणते, अगं, एवढं वाचून तू काय विडीचा कारखाना काढणारेस का.

ऑफिसच्या खाली टपरीवर आमचा एक सहकारी रोज उभा असतो, एका हातात कटिंग, दुसऱ्यात सुट्टी सिगारेट. सुट्टी विकायला महाराष्ट्रात 2020 पासून बंदी आहे बरं का, टपरीवाल्याला सांगून बघा. तो मला म्हणतो, अगं मी लाइटवाली ओढतो, हिच्यात काही नसतं. त्याला म्हटलं, फिल्टरचा कागद उजेडात धर. बारीक भोकांची एक रिंग दिसते. ओढताना त्या भोकांतून बाहेरची हवा शिरते आणि धूर पातळ होतो, एवढाच तो लाइटपणा. अमेरिकेत 1967 पासून सरकारी पद्धतीने टार-निकोटिन मोजायचे ते मशीनवर, मिनिटाला एक झुरका, दोन सेकंदांचा, 35 मिलीचा. मशीनला बोटं नाहीत, ओठ नाहीत आणि तलफ तर नाहीच नाही. माणूस नेमका त्या भोकांवर बोटं किंवा ओठ ठेवतो, कमी मिळालं की झुरका लांब ओढतो, एक वाढवतो, आणि शरीराला लागतं तेवढं निकोटिन काढूनच घेतो. कंपन्यांना हे आतून माहीत होतं, आणि 2006 मध्ये अमेरिकेच्या कोर्टाने हा फसवणुकीचाच भाग ठरवला. ती मोजणी 2008 मध्ये मागे घेतली, आणि 2010 पासून तिकडे पाकिटावर लाइट, माइल्ड लिहायला बंदी आली, तर लाइट्सचं गोल्ड झालं, रंग तोच. सहकाऱ्याने भोकं बघितली, हं म्हणाला, आणि तिथेच पेटवली.

सगळ्यात मजेशीर वळण व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं आहे. जूल या ई-सिगारेट कंपनीने बरोब्बर उलटं केलं. अल्कली वाढवायच्या ऐवजी निकोटिनमध्ये बेंझोइक आम्ल घालून त्याचं सॉल्ट बनवलं. फ्री बेसची वाफ घशाला झोंबते, एका मर्यादेपुढे ओढवतच नाही, सॉल्ट मऊ, त्यामुळे लिक्विडमध्ये पाच टक्क्यांपर्यंत निकोटिन भरलं तरी कॉलेजातलं पोरगं न खोकता ओढतं. म्हणजे पीएच वर न्यायचा की खाली हे ठरलेलं नाहीच, घसा किती सहन करतो ते बघून स्क्रू फिरवायचा. वर मवाळपणाचं बोलले ते हेच. आपल्याकडे 2019 मध्ये ई-सिगारेटवर बंदी आली, तरी मुंबईत कुठे मिळतात हे पोरांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

निकोटिन वर नेता येतं तसं खालीही आणता येतं, आणि अमेरिकेच्या एफडीएने जानेवारी 2025 मध्ये तसा प्रस्ताव मांडलाही, की एक ग्रॅम तंबाखूत 0.7 मिलीग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन नको, म्हणजे ओढली तरी चटक लागू नये. कल्पना मला आवडते. पण हे असं काही आपल्याकडे आणायचं म्हटलं तर आधी बघायला लागेल की भारतात सिगारेटपेक्षा, विडी धरूनसुद्धा, खाणारे जास्त आहेत. 2016-17 च्या सरकारी पाहणीत ओढणारे प्रौढ 10.7 टक्के आणि खाणारे 21.4, बरोबर दुप्पट. कारखान्यातून येणाऱ्या मालाचं निकोटिन मोजाल, पीएचही मोजाल, पण मळायच्या तंबाखूचा पीएच कारखान्यात ठरतच नाही, पुडी वेगळी, चुना वेगळा, आणि प्रमाण ज्याच्या त्याच्या अंगठ्यावर.